वस्तीवर कुत्रा पाळायचाय? थंडी, ऊन आणि बिबट्या, तिन्हींचा विचार करूनच निवडा

दिवाळी सरली की निफाड, सिन्नर, दिंडोरी, चांदवड भागात रात्री गार पडायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, कांद्याला पाणी भरायला माणसं रात्री शिवारात असतात आणि मळ्यातल्या घराला राखणीसाठी एक चांगला कुत्रा हवा, हा विषय याच दिवसांत घरात निघतो.

मग मोबाइलवर फोटो बघितले जातात. भरगच्च केसांचा, निळ्या डोळ्यांचा हस्की सगळ्यांना आवडतो. "थंडीतला कुत्रा आहे, बाहेर राहील," असं वाटतं. पण आपल्याकडे कडाक्याची थंडी दोन-अडीच महिने आणि कडक ऊन त्याहून जास्त. जानेवारीत ५ अंश आणि मे महिन्यात ४० अंश, दोन्ही सोसेल असाच कुत्रा वस्तीवर टिकतो. त्यात आता ऊसपट्ट्यात बिबट्याची भर. त्यामुळे जात कोणती, याइतकाच तो रात्री कुठे झोपणार हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी घरात या चार गोष्टी ठरवा

- कुत्रा कशासाठी हवा? राखणीला, शेळ्या-मेंढ्यांसोबत, की लेकरांना सोबत म्हणून?
- रोज दोन वेळा खायला कोण घालणार? लग्नाला, यात्रेला घर बंद करून गेल्यावर कोण बघणार?
- रात्री बंद करायला पक्की जागा आहे का?
- घरात ५ वर्षांखालचं मूल किंवा फार वयस्कर माणूस आहे का?

कुत्रा साधारण १० ते १४ वर्षं जगतो. आज पहिलीत असलेलं पोरगं कॉलेजला जाईपर्यंत तो घरात असणार, हे धरूनच निर्णय घ्यावा.

कुत्र्याला थंडी कशी वाजते?

थंड प्रदेशातल्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत लोकरीसारखी मऊ लव, बाहेर राठ आणि लांब केस. आतली लव अंगाची ऊब धरून ठेवते, बाहेरचे केस पाणी आणि वारा अडवतात. ज्यांच्या अंगावर आखूड केसांचा एकच पातळ थर आहे आणि चरबीही कमी आहे, त्यांना थंडी लवकर वाजते.

दिवस लहान व्हायला लागले की बाहेर राहणाऱ्या कुत्र्याचे केस हळूहळू दाट होतात. म्हणजे ऑक्टोबरपासून बाहेर झोपणारा कुत्रा थंडीला सरावतो. पण इतके दिवस घरात झोपवलेला कुत्रा डिसेंबरात एकदम अंगणात बांधला तर त्याला ती थंडी सोसत नाही. पिल्लू, म्हातारा, आजारी आणि आखूड केसांचा कुत्रा, या चौघांना पारा ७ अंशांच्या खाली गेला की आडोसा आणि ऊब लागतेच. अवकाळी पावसात भिजलेल्या कुत्र्याची अवस्था आणखी वाईट होते, कारण ओल्या अंगातून ऊब भराभर निघून जाते.

उलट बाजूही बघा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग गार करायचा मुख्य मार्ग. जाड केसांच्या कुत्र्याला ४० अंशांत हे पुरत नाही आणि उष्माघाताने तो काही तासांतही दगावू शकतो.

हस्की आणि सेंट बर्नार्ड: ते मुळात कुठले?

सायबेरियन हस्की हा रशियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी घसरगाडी ओढण्यासाठी जोपासलेला कुत्रा. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध पोहोचवायला वाट बर्फाची होती. कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापलं. शून्याखाली ३०-४० अंशांत धावणारी ही जात आहे.

असा कुत्रा मालेगावच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं. शिवाय राखणीलाही तो उपयोगाचा नाही. हस्की अनोळखी माणसाशीही लगेच दोस्ती करतो, भुंकतो कमी आणि जास्त करून हेल काढून ओरडतो. कोंबड्या, शेळ्यांची करडं यांच्या मागे लागण्याची खोडही त्याला असते. रोज भरपूर पळवलं नाही तर तो जमीन उकरतो, कुंपणावरून पळून जातो.

सेंट बर्नार्डचं गाव म्हणजे स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरची, आल्प्स पर्वतातली २,४६९ मीटर उंचीची खिंड. तिथल्या मठातले साधू बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधायला हे कुत्रे वापरायचे. वजन ६० ते ८० किलो. त्याला लागणारं खाणं आणि गारवा, दोन्ही आपल्या वस्तीवर परवडणारं नाही.

आपल्याच देशातले थंडीचे कुत्रे म्हणजे हिमाचलचा गद्दी आणि उत्तराखंडचा भोटिया. मेंढपाळांसोबत डोंगरात राहणारे, दांडगे राखणदार. तिथले मेंढपाळ त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या नरडं पकडतो. ही पट्ट्याची युक्ती आपल्याकडे घेण्यासारखी आहे, कुत्रा मात्र थंड डोंगरातच बरा.

आपल्या भागात कोणता कुत्रा कुठे बसतो?

गावठी कुत्रा: मळ्यासाठी पहिली पसंती हीच असावी. पिढ्यान् पिढ्या इथल्याच हवेत वाढल्यामुळे ऊन आणि थंडी दोन्ही त्याला सोसते. खाणं बेताचं, आजार कमी, कान तिखट. अनोळखी पाऊल वाजलं की आवाज देतो. लहानपणी नीट माणसाळवला तर घरच्यांना जीव लावतो. धनगरांच्या वाड्यावर जन्मलेलं पिल्लू मिळालं तर शेळ्या-मेंढ्यांसाठी उत्तम, कारण ते पहिल्या दिवसापासून मेंढरांच्या वासात वाढलेलं असतं आणि जनावरांच्या अंगावर जात नाही.

कारवान, पश्मी, मुधोळ: लांब पायांचे, सडपातळ शिकारी कुत्रे. मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकच्या बागलकोट भागात जास्त दिसतात. मुधोळ कुत्र्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीटही काढलं आहे. उन्हाला चिवट, धावायला वाऱ्यासारखे. पण अंगावर चरबी नाही आणि केस आखूड, त्यामुळे निफाडसारख्या थंडीत रात्री उबदार जागा आणि अंगावर झूल लागते. पश्मीच्या कानांवर, पायांवर आणि शेपटीला लांब केस असले तरी थंडीत तोही कुडकुडतो. पळायला मोकळं रान असेल तरच हे कुत्रे घ्यावेत.

जर्मन शेफर्ड: मुळात मेंढ्या राखणारा कुत्रा, केसांचे दोन थर. आपली थंडी त्याला काहीच नाही. उन्हाळ्यात दाट सावली, गार फरशी आणि दिवसभर पाणी दिलं तर निभावतो. राखणीला आणि शिकवायला हुशार. मात्र रोज तास-दीड तास त्याच्यामागे वेळ द्यावा लागतो. या जातीत कमरेच्या सांध्याचा आजार आढळतो, म्हणून पिल्लाचे आई-बाप नीट चालतात का ते बघा. फार लांब केसांचा घेऊ नका.

लॅब्रॅडोर: लेकरांसाठी गरीब आणि प्रेमळ. थंडी चांगली सोसतो, ऊन कमी. राखणीला मात्र कच्चा. खादाड असल्याने लवकर जाड होतो आणि मग सांधे धरतात.

पॉमेरियन: या नावाने आपल्याकडे विकला जाणारा पांढरा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. इथल्या हवेला सरावलेला, कानाचा तिखट, घरात राहून आवाज देण्यासाठी चांगला. आकार लहान असल्याने रात्री बाहेर अजिबात ठेवू नये.

डॉबरमन, रॉटवायलर, पिटबुल: डॉबरमनचे केस आखूड, त्याला थंडी बाधते. तिन्ही जाती ताकदवान असून अनुभवी हात आणि शिकवण मागतात. लहान मुलं असलेल्या घरात, पहिलाच कुत्रा म्हणून हे घेऊ नयेत.

नर की मादी?

मादी नको म्हणून तिची पिल्लं रस्त्यावर सोडायची पद्धत अजून गावोगाव आहे. खरं तर राखणीत मादी कुठेही कमी पडत नाही आणि नरासारखी गावभर भटकत नाही. पशुवैद्यकाकडून तिची नसबंदी करून घेतली की पिल्लांचा प्रश्न उरत नाही. गावात चांगली मादी पिल्लं फुकट मिळतात, त्यातलं एक घेतलं तर एक जीवही वाचतो.

बिबट्याच्या भागात कुत्रा बाहेर बांधू नका

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. म्हणजे ऊसपट्ट्यात कुत्रा हे बिबट्याचं मुख्य खाद्य आहे.

साखळीने ओट्यावर बांधलेला कुत्रा ना पळू शकतो ना लढू शकतो. तो बिबट्याला घरापर्यंत घेऊन येतो आणि त्याच ओट्यावर सकाळी लेकरं खेळत असतात. दिवस मावळायच्या आत कुत्रा बंद करणं हा घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेचाही भाग आहे. बंद जागेतूनही तो चाहूल लागताच भुंकतो, राखण होतेच. दिवसा शिवारात सोबत नेताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा असावा. रात्री बंद करताना तो काढून ठेवावा.

बिबट्या दिसला किंवा पंज्याचे ठसे सापडले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

रात्रीची खोली कशी बांधावी?

- भिंती विटांच्या किंवा जाड लोखंडी जाळीच्या. वरूनही बंद हवी, कारण बिबट्या भिंत चढून वरून उतरतो. जाळीची भोकं पंजा आत जाणार नाही इतकी बारीक असावीत.
- दाराला कडी आणि खिळ, दोन्ही.
- हिवाळ्यात वारा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो, म्हणून दार दक्षिणेला ठेवावं. थंडीत जाळीला बाहेरून बारदान बांधावं, वर थोडी हवेची जागा सोडून.
- जागा बेताची असावी. कुत्रा उभा राहील, वळेल आणि पाय पसरून झोपेल इतकी. फार मोठ्या खोलीत अंगाची ऊब टिकत नाही.
- जमिनीवर थेट झोपवू नये. विटांवर फळी टाकून त्यावर कोरडं पाचट, कडब्याची कुट्टी किंवा भुसा पसरावा. भिजला की बदलावा. गोधडी ओली झाली तर उलट गारठा देते.
- वर नुसता पत्रा असेल तर उन्हाळ्यात त्यावर पाचट टाकावं. तीच जागा मे महिन्यात भट्टी होते, दुपारी कुत्र्याला झाडाखाली ठेवावं.

थंडीत कुत्रे शेकोटीच्या राखेत किंवा ट्रॅक्टर-पिकअपखाली झोपतात. सकाळी गाडी चालू करण्याआधी खाली वाकून बघण्याची सवय लावून घ्यावी.

पिल्लू घेताना काय बघायचं?

पिल्लू ८ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताच येत नाही आणि पैदास करून विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते.

डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, नाक वाहत नाही, अंगावर खरजेचे चट्टे नाहीत, हे तपासा. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत आहेत. शक्य असेल तर आई बघा. ती माणसावर धावून जात असेल तर पिल्लूही तापट निघू शकतं. टाळी वाजवल्यावर दचकून पुन्हा जवळ येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात दडून बसणारं किंवा सगळ्यांना चावत सुटणारं टाळा.

फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका. "पिल्लू पार्सलने येतंय, विम्याचे एवढे टाका, पिंजऱ्याचे तेवढे टाका," असं म्हणून पैसे उकळले जातात आणि पिल्लू येतच नाही. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर तक्रार करावी.

लस आणि जंताचं औषध

पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, पुढचे डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर, मग पशुवैद्यक सांगतील तसा दुसरा डोस आणि नंतर दरवर्षी. जंताचं औषध सुरुवातीला दर १५ दिवसांनी, मोठा झाल्यावर दर ३ महिन्यांनी. गोचीड मारायला जनावरांचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका, वजनावर डोस ठरतो. माहिती आणि मदतीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२.

कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, डोस वेळेत घेतले तर होत नाही.

खायला काय? आणि काय अजिबात नाही?

नुसती दूध-भाकरी पुरत नाही. भाकरीसोबत उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, डाळ-भात असं द्यावं. थंडीत बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला खाणं थोडं वाढवावं, संध्याकाळचं कोमट द्यावं. पाणी सकाळी बदलावं.

नाशिक जिल्ह्याने दोन गोष्टी खास ध्यानात ठेवाव्यात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुठल्या कुत्र्याला किती मण्यांनी त्रास होईल याचा नेम नसतो. खुडणीच्या दिवसांत बागेत पडलेले मणी आणि बेदाण्याच्या शेडपासून कुत्रा लांब ठेवा. खाल्ल्याचं दिसलं तर उलटी व्हायची वाट न बघता पशुवैद्यकाला फोन करा. दुसरा कांदा, आणि लसूणही. त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. उरलेला मटणाचा रस्सा रोज घालणं म्हणूनच चुकीचं. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी लालसर-तपकिरी झाली तर ती धोक्याची खूण आहे.

चॉकलेट, शिजवलेली हाडं, उंदराचं औषध आणि औषध लावलेलं बियाणंही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

थंडी आणि ऊन बाधल्याची लक्षणं

थंडी बाधलेला कुत्रा आधी कुडकुडतो, मग सुस्तावतो, कान आणि पाय गार पडतात. कुडकुडणं थांबलं पण कुत्रा उठत नाही, ही जास्त धोक्याची वेळ. अंग कोरडं करून गोधडीत गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून जवळ ठेवा. जाळासमोर धरू नका, कातडी भाजते.

उन्हात जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

मुलं, शेजारी आणि कायदा

लहान मूल आणि कुत्रा दोघांनाच सोडून कुणी जाऊ नये, कुत्रा कितीही गरीब असला तरी. तो खात असताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना हात लावायचा नाही, हे पोरांना शिकवा.

कुत्र्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून लोकांच्या जिवाला धोका होऊ दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायम साखळीने बांधून ठेवून फिरवायला न सोडणं हीदेखील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरताच आहे.

थोडक्यात

मळ्यातल्या घरासाठी गावातलंच निरोगी, ८ आठवडे पूर्ण झालेलं पिल्लू घ्यावं. मादी असली तरी चालेल. जर्मन शेफर्ड हवाच असेल तर सावली, वेळ आणि खर्चाची तयारी ठेवावी. हस्की, सेंट बर्नार्ड फोटोतच बघावेत. आणि कोणताही कुत्रा आणायच्या आधी त्याची रात्रीची खोली बांधून तयार ठेवावी. खोली नसेल तर कुत्रा सध्या नको.